डोकं गोल नसतंय! टोपीवाल्यांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

गेल्या अंकात ह्याच पानावर सहा कळ्यांची (म्हणजे खाली रुंद आणि वर निमुळत्या अशा सहा तुकड्यांची) सुती टोपी दिली होती. डोक्याचं माप घ्या, त्यात दीड सेंटीमीटर मिळवा, सहानं भागा, प्रत्येक कळीला दोन्ही बाजूंनी एकेक सेंटीमीटर शिवणीला सोडा, कळीची उंची १७-१८ सेंटीमीटर धरा, झालं. मला वाटलं चारदोन पत्रं येतील, पण कोल्हापुरात इतकी माणसं घरी टोप्या शिवतात हे मलाच माहीत नव्हतं. निम्म्या पत्रांत एकच रडगाणं आहे, टोपी बसत नाही. म्हणून आज दुसरं काही नाही, फक्त टोप्या.

ताई, तुमच्या मापानं टोपी शिवली, डोकं ५६ सेंटीमीटर, आकडेमोड तीनदा तपासली तरी टोपी डोक्यावर जाईना, कपाळावर वळ उठतोय. माप चुकीचं छापलंय काय? (राजारामपुरी)

माप बरोबर आहे वहिनी, मी परत बघितलं. ५६ अधिक दीड म्हणजे साडेसत्तावन्न, भागिले सहा म्हणजे ९.६ च्या आसपास, अधिक दोन सेंटीमीटर शिवणीचे, म्हणजे कळी बुडाशी ११.६. आता तुम्ही काय केलं असणार सांगते. न मोजता नुसत्या अंदाजानं कापड धरून शिवत गेला आणि एक सेंटीमीटरच्या जागी शिवण बारा मिलीमीटरवर पडली. दोन मिलीमीटरनं काय होतंय असं वाटतं, ब्लाऊजला खरंच काही होत नाही, पण इथं सहा शिवणी आहेत आणि प्रत्येक शिवणीला दोन बाजू, म्हणजे बारा वेळा दोन मिलीमीटर, म्हणजे २४ मिलीमीटर गेले की! टोपीच्या एका नंबरात एका सेंटीमीटरचा फरक असतो, तुमची टोपी दोन नंबरांनी लहान झाली. मशीनच्या पत्र्यावर सुईपासून मोजून एक सेंटीमीटरवर चिकटपट्टी लावा आणि कापडाची कड तिला घासत शिवा.

दुसरं म्हणजे कापड आधी भिजवून घेतलंत का? इचलकरंजीचं कोरं सुती कापड असेल तर पहिल्या पाण्यात शेकडा तीन टक्के आटलं तरी साडेसत्तावन्नातले पावणेदोन सेंटीमीटर गेले. शिवल्यावर धुतली आणि मग बसेना असं असेल तर दोष शिवणीचा नाही, पाण्याचा आहे.

आणि माप घ्यायची जागा. कानाच्या वर बोटभर, कपाळाच्या मध्यावरून, मागं जो उंचवटा लागतो त्याच्यावरून. टेप आवळायचा नाही, आत एक बोट सरकलं पाहिजे. अंबाडा घालत असाल तर अंबाड्यासकट घ्या, नाहीतर सोडून घ्या, पण जशी टोपी घालणार तसंच. चांगलं कापड कापायच्या आधी मांजरपाटाची एक कच्ची टोपी शिवून बघा, मोठा धावदोरा घालून, लागलं तर उसवायला सोपं. मांजरपाट महाद्वार रोडला कुठंही मिळतं, पण हा सल्ला मी वीस वर्षं देतेय आणि कोणी ऐकत नाही.

टोपी झकास बसली पण कड, म्हणजे ते ब्रिम, ताटलीसारखं सपाट उभं राहतंय. दुकानातल्या बकेट हॅटसारखं खाली उतरत नाही. इस्त्री करून बघितलं, परत वर येतंय. (शाहूपुरी)

इस्त्रीनं नाही होणार, ते कापण्यातच आहे. तुम्ही पूर्ण गोल रिंग कापलीत, वरच्यासारखं ५६ चं डोकं आणि साडेसत्तावन्नाची टोपी धरली तर आतली त्रिज्या ९.१५ सेंटीमीटर काढून, बरोबर? पूर्ण रिंग कापली की ती सपाटच बसणार, भाकरीला मध्ये भोक पाडल्यासारखी. खाली उतरवायची असेल तर तिला शंकूचा आकार द्यावा लागतो, आणि शंकू करायचा म्हणजे मोठं वर्तुळ घेऊन त्यातला तुकडा काढून टाकायचा.

हिशेब असा, कागदावर १२.२ सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा, तेच केंद्र ठेवून बाहेर ब्रिमच्या रुंदीइतकं दुसरं काढा, समजा सात सेंटीमीटर, आणि मग त्या रिंगचा चौथा हिस्सा कापून टाका. उरलेल्या पाऊण रिंगची आतली कड बरोबर साडेसत्तावन्न भरते. आता दोन्ही टोकं मागच्या बाजूला जोडली की ब्रिम छत्रीसारखं खाली उतरतं. कमी उतरवायचं असेल तर चौथ्या हिश्श्याच्या जागी आठवा हिस्सा काढायचा, आणि मग आतली त्रिज्या साडेदहाच्या आसपास येते. शिवणीचं कापड वेगळं सोडायचं हे आता सांगत नाही.

कडक होण्यासाठी आत चिकटणारं बकरम, म्हणजे कॉलरीत घालतात ते ताठ कापड, घालाच, पण खरी ताकद येते टिपांनी. कडेपासून सात-सात मिलीमीटरवर गोल टिपा मारत जा, एकाखाली एक, आठ-नऊ रांगा. कंटाळवाणं काम आहे, रेडिओ लावून बसा.

माझ्याकडं टोपीला आकार द्यायचा लाकडी ठोकळा नाही म्हणून यूट्यूबवर बघून स्टीलच्या डब्यावर बकरम ओलं करून ताणून वाळवलं, आकार मस्त आला, पण डोक्यावर घातलं की कपाळाला आणि मागं रुततंय आणि दोन्ही कानांवर मात्र बोट जाईल एवढी फट. डब्याचा घेर बरोबर ५७ आहे. (गंगावेश)

हे पत्र वाचून मी एकटीच हसत बसले, कारण हेच मी केलेलं. फरक एवढाच की माझं बकरम डब्याला असं चिकटलं की डब्यासकट टोपी दोन दिवस कट्ट्यावर पडून होती आणि शेवटी कात्रीनं कापून काढली, आत प्लास्टिकची पिशवी ताणून लावायची असते हे तेव्हा माहीत नव्हतं.

पण तुमचा प्रश्न डब्याचा नाही, डोक्याचा आहे. डोकं गोल नसतंय हो. वरून बघितलं तर ते लांबट असतं, अंड्यासारखं. घेर ५७ च्या जवळ असलेलं साधारण डोकं पुढून मागं २० सेंटीमीटर आणि कानापासून कानापर्यंत १६ सेंटीमीटर भरतं. डबा मात्र चारी बाजूंनी १८. म्हणून पुढं-मागं रुततंय आणि बाजूला फट पडतेय, घेर कितीही बरोबर असू दे. मऊ सुती टोपीत हे कळत नाही, कापड आपोआप डोक्याचा आकार घेतं, पण कडक काही केलं की लगेच दिसतं. अर्ध्या पत्रांतल्या तक्रारी ह्या एकाच गोष्टीच्या आहेत.

मी काय केलं ते सांगते. कातारी असतात बघा, लाटणं पोळपाट करणारे, त्यांच्याकडून १६ सेंटीमीटर व्यासाचा, वरून घुमटासारखा गोल केलेला लाकडी ठोकळा कातून घेतला. कातारी गोलच देणार, त्याचं मशीनच तसं. मग तो ठोकळा सुताराकडं नेऊन मधोमध उभा चिरला आणि मध्ये ३ सेंटीमीटर जाडीची फळी चिकटवून घेतली. आता तो एका बाजूनं १६ आणि दुसऱ्या बाजूनं १९, घेर बरोबर ५६.३. वरचा फळीचा भाग घासून घुमटाला मिळवून घ्यायला सांगायचं. दोन-तीन जाडीच्या फळ्या करून ठेवल्या आणि पक्क्या न चिकटवता नुसत्या मध्ये घालून कसून बांधल्या तर एकाच ठोकळ्यावर घरातल्या सगळ्यांची मापं निघतात. परदेशातल्या टोपीवाल्यांकडंसुद्धा सुटे तुकडे जोडून केलेले ठोकळे असतात, मधला तुकडा आधी ओढला की अरुंद तोंडाची टोपी निघते, म्हणजे आपला जुगाड अगदीच गावठी नाही.

थर्माकोलचं डोकं मिळतं ते टोपी दाखवायला ठेवा, त्याच्यावर वाफेचं काम करू नका, थर्माकोल पाण्याच्या उकळीइतक्या उष्णतेलाच मऊ पडायला लागतं.

बकरमबद्दल पण एक. शिंप्याकडचं सगळंच बकरम ह्या कामाला चालत नाही. कॉलरचं जे असतं ते बहुतेक इस्त्रीनं चिकटणारं, ओलं केलं तरी त्याला काही फरक पडत नाही. आपल्याला लागतं ते खळीचं. शितावरून भाताची परीक्षा, चार बोटांचा तुकडा मागून घ्या, पाण्यात बुडवा, बोटांना चिकट लागला पाहिजे, मग वाटीवर ताणून वाळवा. वाटी काढल्यावर आकार तसाच राहिला तर मीटरभर घ्या. असं बकरम पावसात घालू नका, खळ परत विरघळते.

आजोबांच्या ट्रंकेत एक जुनी विलायती फेल्ट हॅट सापडली, गडद करडी, आतल्या चामड्याच्या पट्टीवर सोनेरी अक्षरं पुसट झालीत. घरात म्हणतात १९३०-३५ ची असेल. चेपली आहे. किटलीच्या वाफेवर धरून आकार देता येईल का? नातवाला स्नेहसंमेलनात घालायची आहे. (मंगळवार पेठ)

काकू, नका. आजच्या सगळ्या पत्रांत मी हे एकच ठामपणे सांगतेय.

फेल्ट म्हणजे न विणता केस एकमेकांत अडकवून घट्ट केलेलं कापड. त्या काळच्या चांगल्या फेल्ट हॅट मेंढीच्या लोकरीच्या नसायच्या, सशाच्या नाहीतर बीव्हर नावाच्या प्राण्याच्या केसांच्या असायच्या. मेंढीच्या लोकरीला खवले असतात, गरम पाणी साबण आणि चोळणं मिळालं की ते खवले एकमेकांत अडकून लोकर आपोआप घट्ट होते, स्वेटर गरम पाण्यात टाकला की बाळाला होईल एवढा होतो ना, तेच. सशाचे केस तसे सहज अडकत नाहीत म्हणून त्यांच्यावर पाऱ्याचं रसायन, मर्क्युरी नायट्रेट, लावायचे. मग वाफ आणि उष्णतेवर काम करताना त्या पाऱ्याची वाफ कारागिरांच्या श्वासातून जायची. हात थरथरायचे, तोल जायचा, माणसं चिडचिडी आणि लाजरीबुजरी व्हायची. इंग्रजीत वेड्या माणसाला टोपीवाल्यासारखा वेडा म्हणतात, ती म्हण ह्या आजारावरूनच आली असं बरेच जण सांगतात. अमेरिकेत पारा वापरणं थांबलं ते थेट १९४१ च्या डिसेंबरात. संग्रहालयांनी जुन्या फेल्ट हॅट तपासल्या तर काहींत आजही पारा सापडतो.

तुमच्या हॅटमध्ये आहेच असं नाही, पण नुसतं बघून किंवा वास घेऊन कळत नाही. म्हणून वाफ द्यायची नाही, जोरात ब्रशनं झटकायची नाही, पोराच्या डोक्यावर तर अजिबात नाही. हात धुवा, कागदात गुंडाळून बंद पिशवीत ठेवा आणि आजोबांच्या फोटोजवळ कपाटात राहू दे. नातवासाठी नवीन करू, सोपं आहे. आत्ता बाजारात मिळणाऱ्या लोकरीच्या फेल्टला पाऱ्याची गरज नसते.

फक्त क्राफ्टच्या दुकानात मुलांच्या प्रोजेक्टसाठी रंगीत फेल्टचे कागदासारखे तुकडे मिळतात त्याला फसू नका, ते पॉलिएस्टर असतं. एक धागा काढून काडीनं जाळा. केस जळल्याचा वास आला आणि चुरा झाला तर लोकर, वितळून मणी झाला तर पॉलिएस्टर. पॉलिएस्टरला वाफेवर ओढून लोकरीसारखा आकार येत नाही, दुकानदारानं तुम्हाला टोपी घातली एवढंच.

ह्याच विषयावर, आमच्याकडं घोंगडीची लोकर भरपूर आहे, तिची हॅट होईल का? (पट्टणकोडोली)

होईल, पण दख्खनी मेंढीची लोकर राठ, केसाळ, त्यामुळं घट्ट व्हायला वेळ घेते आणि कपाळाला टोचते. पातळ पातळ थर आडवे-उभे असे तीन-चार, प्रत्येक थरावर साबणाचं गरम पाणी, आणि मग हात दुखेपर्यंत चोळायचं आणि चटईत गुंडाळून लाटायचं. पाहिजे त्या मापाच्या दीडपटीहून मोठं मांडा, लोकर तिसऱ्या हिश्श्याच्या पुढं आटते. आतून सुती अस्तर लावाच. पहिली हॅट बिघडणार, दुसरी बरी होईल. झाली की फोटो पाठवा, मला खरंच बघायची आहे.

शिवजयंतीच्या लेझीम पथकासाठी लहान मुलांना आयते फेटे करायचे आहेत. दरवर्षी बांधणाऱ्याकडं रांग लागते आणि मिरवणूक निघेपर्यंत निम्म्यांचे सुटलेले असतात. शिवून करता येईल का? आणि तुरा उभा राहत नाही त्याला काय करायचं? (शिवाजी पेठ)

जातिवंत कोल्हापूरकर म्हणतील शिवलेला फेटा हा फेटाच नव्हे, आणि मोठ्या माणसाच्या बाबतीत माझंही तेच मत आहे. डोक्यावर बांधलेल्या फेट्याचा पीळ वेगळाच दिसतो, प्रत्येक डोक्याला वेगळा बसतो. पण सात वर्षांच्या पोराला दोन तास लेझीम खेळायची असेल तर शिवलेलाच बरा, तिथं नाक मुरडू नका.

मोठ्यांच्या फेट्याला साडेतीन ते सहा मीटर कापड लागतं, एक मीटर पन्ह्याचं. मुलांच्या आयत्या फेट्याला त्याच्या निम्मं पुरतं कारण आत टोपी असते. आधी आतली टोपी करा, वर सांगितलेली सहा कळ्यांचीच, पण दुहेरी मांजरपाटाची आणि मागं दोन बोटं इलॅस्टिक घातलेली, म्हणजे दोन वर्षं तरी पुरते. आता फेट्याचं कापड लांबीत चुण्या घालून चार बोटं रुंदीचा पट्टा करा, हलका पीळ द्या आणि कपाळावर डावीकडून उजवीकडं, मग उजवीकडून डावीकडं असा तिरका चढवत जा, प्रत्येक फेरीला टोपीला दोन-तीन ठिकाणी हातानं टाके. टाके वरून दिसू देऊ नका, पिळाच्या आत लपवा. कपाळाच्या मध्यावर पीळ एकमेकांना ओलांडून जातात ती जागा सगळ्यात महत्त्वाची, तिथं घाई केली की फेटा न दिसता मफलर दिसतो. मागं शेमला सोडायचा, पण पोरांचा कमरेच्या वर ठेवा, लेझीममध्ये अडकतो.

तुऱ्याला खळ. एक लिटर पाण्यात मोठा चमचाभर साबुदाण्याचं पीठ गार पाण्यात कालवून मग उकळायचं, पांढरं पाणी पारदर्शक दिसायला लागलं की झाली. तुऱ्याचं तेवढंच टोक बुडवा, पिळा, ओलसर असतानाच जपानी पंख्यासारख्या बोटभर घड्या घाला, चिमटे लावून सावलीत वाळवा आणि मग घडीवरच इस्त्री. खालच्या टोकाला घट्ट दोरा बांधून मग फेट्यात खोचा आणि टाके घाला. दमट दिवशी तुरा पडतोच, त्याला आतून एक पातळ आडवी बकरमची पट्टी घाला. कोणी सांगेल की खळीत मोरचूद टाका म्हणजे बुरशी येत नाही. पुस्तक बांधणारे टाकतात ते ठीक, पण डोक्यावर, घामात, लहान पोरांच्या, नको.

मी शिरोळ तालुक्यातला शेतकरी. भांगलणीला बायकांना उन्हात सावली देईल अशी हलकी टोपी पाहिजे. उसाचा पाला चिक्कार पडून असतो, त्याची विणता येईल का?

दादा, उसाचा पाला हात कापतो हे तुम्हाला मी काय सांगणार, पानाची कड करवतीसारखी असते, ती टोपी कोणी घालणार नाही. गव्हाचं काड घ्या की. गव्हाच्या काडाच्या वेणीच्या टोप्यांवर इंग्लंडमधलं ल्युटन नावाचं अख्खं गाव जगलं, तिथल्या फुटबॉल क्लबला आजही टोपीवाले म्हणतात. शिंदीची पानं मिळत असतील तर आणखी सोपं, चटई आणि झाडू करणाऱ्यांचे हात त्याला सरावलेले असतात.

काड मळणीयंत्रातून निघालेलं नको, ते चुरलेलं असतं. थोडं हातानं कापून ठेवायचं, वरच्या पेरापासून कणसापर्यंतचा नितळ तुकडा तेवढा घ्यायचा. कोरडं काड मोडतं म्हणून कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा आणि लागेल तसं काढा. पाच किंवा सात काड्यांची चपटी वेणी घालत जा, एक काडी संपत आली की दुसरी तिच्या पोटात सारायची, गाठ नाही. एका टोपीला वीस-पंचवीस मीटर वेणी सहज लागते तेव्हा संध्याकाळी चारचौघींनी बसून घालायची ही गोष्ट आहे. मग टाळूच्या मध्यापासून सुरू करून गोल गोल, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर थोडी चढवून शिवायची. सुरुवातीच्या फेऱ्यांत आतली कड जरा ओढून धरावी लागते, नाहीतर मध्ये टेंगूळ येतं. खाली वळवायचं असेल तिथं वेणी जरा ताणून शिवायची, आणि ब्रिम पसरायच्या वेळी सैल सोडायची. सगळा आकार हाताच्या ताणावर आहे, कागदी माप नाही.

ब्रिम किती? ऑस्ट्रेलियात कॅन्सर कौन्सिल मोठ्या माणसांना कमीत कमी साडेसात सेंटीमीटर सांगते, आणि ते ऊन आपल्यापेक्षा हलकं नाही. मी आठ म्हणेन. मान झाकायला मागं सुती कापडाचा पडदा टाचा. वाऱ्यानं उडू नये म्हणून हनुवटीखाली नाडी घ्या, पण मळणीयंत्राजवळ किंवा उसाच्या मशीनजवळ जाताना टोपी काढून ठेवायची, नाडी अडकते.

पनामा हॅट पनामाहून मागवली तर कस्टम ड्युटी किती लागेल?

पनामाहून मागवून उपयोग नाही, ती होते इक्वेडोरमध्ये, तोकिया नावाच्या ताडासारख्या दिसणाऱ्या झाडाच्या पानांच्या तंतूंची. २०१२ मध्ये युनेस्कोनं तिच्या विणकामाला वारशाच्या यादीत घेतलं. पनामा हे नाव त्या वाटेनं ती जगात विकली गेली म्हणून पडलं. कस्टम ड्युटीचा प्रश्न करसल्लागारांना विचारा.

शाळेच्या नाटकात पाच इंग्रज साहेब आहेत. त्यांच्या त्या सोला टोप्या कशा करू? बजेट जवळजवळ शून्य. (कसबा बावडा)

सोला म्हणजे सोलर, ऊन, असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाही. ती शोला नावाच्या पाणथळ वनस्पतीच्या आतल्या पांढऱ्या गाभ्याची करत, बंगालात ते काम चालायचं. आपल्याकडं भेंडाची बाशिंगं बघितलीत ना, तसलाच तो हलका गाभा. अक्षरशः पिसासारखी हलकी आणि आत हवा भरलेली, म्हणून डोकं गार.

नाटकाला कागदाची करा. ठोकळ्यावर (नाहीतर पोरांच्याच मापाच्या फुग्यावर) प्लास्टिक ओढून वर्तमानपत्राच्या पट्ट्या मैद्याच्या खळीत बुडवून आडव्या-उभ्या सहा थर, पुढच्या आणि मागच्या कडेला पुठ्ठा जास्त लांब, बाजूला कमी. दोन दिवस वाळू द्या, घाई केली की आत ओलं राहून वास येतो. वरून खाकी कापड चिकटवा, मधून पागोट्यासारखा एक कापडी पट्टा. कडेला आकार राहायला तार लागेल, फुलांची तार मऊ पडते, बाइंडिंग वायर घामानं गंजते, त्याऐवजी लक्ष्मीपुरीत शेतीच्या सामानाच्या दुकानांत विचारा, ब्रश कटरची नायलॉन दोरी, दोन-अडीच मिलीमीटरची. वेटोळं असतं म्हणून आधी गरम पाण्यात बुडवून सरळ करून घ्या. दोन्ही टोकं चार-पाच सेंटीमीटर एकावर एक ठेवून दोऱ्यानं घट्ट गुंडाळा आणि काजाच्या टाक्यानं कडेला शिवून टाका. धुतली तरी गंज नाही, वाकवली तरी परत येते. खरं सांगायचं तर सुती कापडाच्या हॅटलासुद्धा मी आता हीच वापरते.

फेल्टची हॅट कडक करायला पांढरा गम पाण्यात कालवून लावला, वाळल्यावर पांढरे डाग आणि वाकवली की कडाकडा तडे. वाचवता येईल का?

वाचवायचं म्हटलं तर गार पाण्यात भिजवून मऊ ब्रशनं जेवढा निघेल तेवढा काढा, पण डाग राहतील, त्यावर रुंद रिबन लावून टाका. लाकडाला पॉलिश करतात तो चपडा, लाखेचे ते पिवळसर पापुद्रे, हार्डवेअरवाल्याकडं मिळतात. शंभर मिली पॉलिशच्या स्पिरिटात दहा ग्रॅम, झाकण लावून रात्रभर, आणि मग फक्त आतल्या बाजूनं पातळ हात. दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा बरे. स्पिरिट लगेच पेटतं, म्हणून स्वयंपाकघरात नको, गॅस बंद, खिडक्या उघड्या. पांढऱ्या हॅटला लावू नका, पिवळी झाक येते.

पहिलीच नात झाली आहे. जुन्या पद्धतीची खणाची कुंची शिवायची आहे, माझ्या आईनं शिवलेली हरवली. (ताराबाई रोड)

अभिनंदन आजी! कुंचीला ठोकळा नको न बकरम नको. खणाचा काठ तोंडाकडं येईल असा एक आयत घ्या, अर्धा दुमडा, मागची एकच बाजू शिवली की डोक्याचा भाग झाला, खाली पाठीवर पडणारा घोळ तसाच लांब राहू द्या, मानेजवळ दोन चुण्या. जन्मल्यावर बाळाचं डोकं साधारण ३५ सेंटीमीटर असतं आणि वर्षाचं होईपर्यंत ४६ च्या आसपास जातं, म्हणून मोठीच शिवा, आत मऊ मलमलीचं अस्तर घ्या म्हणजे खणाची जर गालाला लागत नाही. मोती, टिकल्या तोंडाजवळ नकोत, बाळ ओढून तोंडात घालतं. नाडीऐवजी हनुवटीखाली एक छोटं बटण. आणि बाळ झोपलं की कुंची काढून ठेवायची, घरात झोपताना डोकं झाकलं की बाळ तापतं. बारशाच्या फोटोपुरती आणि बाहेर न्यायची तेवढी बास.

मागच्या पावसाळ्यात सगळ्या टोप्यांना बुरशी आली. कशा ठेवायच्या?

खळ असलेली काही असेल तर जूनच्या आधी धुऊन बिनखळीची करून ठेवा, बुरशी आणि झुरळं दोन्ही खळीवर येतात. बाकीच्या टोप्या ब्रिमवर न टेकवता टाळूवर उलट्या ठेवायच्या, आत चुरगळलेला कोरा कागद, वर्तमानपत्र नको, शाई लागते. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका (आजोबांची ती हॅट सोडून), जुन्या सुती उशीच्या खोळीत घाला. आणि माळ्यावर नको, माझ्या तीन टोप्या तिथं उंदरानं नेल्या.